घरी शिवलेली हाफ पँट बसताना मागून उसवते, त्याचं काय करायचं

टर्र असा बारीक आवाज झाला की आमच्या घरात काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. कुणीतरी जेवायला मांडी घालून बसलेलं असतं आणि माझ्या हातची आणखी एक हाफ पँट मागच्या शिवणीवर गेलेली असते. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे एप्रिलातच पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. घरात फुल पँट घालून वावरायची सोय नाही. म्हणून दर फाल्गुनात मी सुती पॉपलीन आणते, सासरे, हे आणि मुलगा अशा तिघांसाठी दोन-दोन हाफ पँटी शिवते, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यातल्या निम्म्या दुरुस्तीच्या पिशवीत जाऊन पडतात. असे चार उन्हाळे गेले.

चारही वेळा मी उपाय एकच केला. घेर वाढवला. सीट, म्हणजे नितंबांभोवतीचं माप, 40 इंच आहे ना, मग 44 चा घेर ठेवू. पुढच्या वर्षी 46. त्याच्या पुढच्या वर्षी 48. पँट फुग्यासारखी दिसायला लागली, पंख्याखाली फडफडायला लागली, पण उसवायची ती उसवतच राहिली. आणि गंमत म्हणजे दर वेळी अगदी त्याच जागी. मागच्या आसनाचं वळण संपून दोन पायांच्या शिवणी जिथे भेटतात, तिथून वर चार बोटं. आसन म्हणजे पुढच्या कंबरेपासून दोन पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत जाणारा भाग.

कापड जागोजागी विरत असेल तर दोष कापडाचा. टाके सुटत असतील तर दोऱ्याचा नाहीतर मशीनचा. पण एकाच जागी, वेगवेगळ्या कापडांवर, वेगवेगळ्या दोऱ्यांनी शिवूनही उसवत असेल तर दोष कापण्यात आहे. एवढी साधी गोष्ट मला चार वर्षं सुचली नाही, कारण मी ज्या पद्धतीनं कापत होते ती सगळेच वापरतात. कापडाची चार घडी घालायची, वर एक कागद ठेवायचा, एकदम कात्री चालवायची. पुढचे दोन आणि मागचे दोन तुकडे तंतोतंत सारखे. दहा मिनिटांत कटिंग तयार.

लहान मुलाच्या चड्डीला हे चालतं. पायजम्यालाही चालतं. मग हाफ पँटीला का नाही, या प्रश्नाचं उत्तर मला सासऱ्यांच्या जुन्या पायजम्यात सापडलं. त्याचा पुढचा-मागचा भाग सारखाच होता, पण दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा वेगळा जोडलेला होता. आमच्या गल्लीतले जुने मास्तर त्याला मियानी म्हणतात. खाली वाकलं, उकिडवं बसलं की ताण शिवणीवर न येता त्या तुकड्यावर पसरतो. आपण पायजम्याची कापायची पद्धत उचलली आणि मियानी मात्र सोडून दिली.

आता अंकांत सांगते, म्हणजे नेमकं कळेल. ह्यांची सीट 40. बेंबीच्या थोडं खाली, जिथे नेफा बसतो तिथून टेप धरून, दोन पायांमधून मागे नेऊन कंबरेपर्यंत मोजलं तर 28 इंच भरलं. हे उभ्यानं घेतलेलं माप. माझ्या जुन्या कागदावर टेप उभी, म्हणजे काठावर धरून आसनाच्या वळणावरून फिरवली तर पुढून 13, मागून 13, एकूण 26. म्हणजे उभ्या अंगालाच ती पँट 2 इंच तोकडी होती, आणि माणूस खाली बसला की मागचा भाग आणखी लांब होतो. घेर 48 काय, 58 केला असता तरी काही फरक पडला नसता. घेर आडवा असतो, तूट उभी होती.

तुमच्या पँटीचं दुखणं हेच आहे का, ते घरच्या घरी तपासता येतं. उसवलेली पँट तात्पुरती शिवून घाला. कंबरेला, नेफ्याच्या वरच्या काठाला लागून एक नाडी बांधा. आता पाटावर मांडी घालून बसा. खुर्ची नको, पाटच हवा. खुर्चीत बसल्यावर खरा ताण येत नाही. मागे हात घालून नाडी आणि नेफा यांच्यामध्ये किती अंतर पडलं ते कुणाला तरी मोजायला सांगा. नाडी कंबरेवर राहते आणि नेफा खाली ओढला जातो. हे अंतर 1 इंचाच्या आत असेल तर आसन ठीक आहे, दोष शिलाईत शोधा. 2 इंच किंवा जास्त असेल तर साधारण तेवढीच तुमच्या मागच्या आसनाची तूट आहे. आमच्याकडे अडीच इंच आलं.

दुसरी खूण आरशात दिसते. सरळ उभं राहिल्यावर दोन पायांच्या मधून मांड्यांकडे मांजराच्या मिशांसारख्या चुण्या जात असतील, तर आसनाचं खालचं टोक आखूड पडलंय. याउलट मागे मांडीवर उभा झोळ लोंबत असेल तर मागचं आसन गरजेपेक्षा मोठं झालंय. झोळवाली पँट उसवत नाही, फक्त वाईट दिसते. उन्हाळ्यात घरात मला ती चालते.

इथे एक चूक बहुतेक जण करतात, मीही केली. आसन कमी पडतंय म्हणून ते खाली उतरवायचं, म्हणजे दोन पायांचा जोड गुडघ्याकडे सरकवायचा. त्यानं उलट जास्त त्रास होतो. जोड अंगापासून जितका खाली लोंबेल तितकी पाय फाकवताना अख्खी पँट वर ओढली जाते. जिना चढताना मांडीशी कापड अडतं ते यामुळेच. आसन खाली नाही उतरवायचं. मागे वर चढवायचं आणि खालचं टोक आडवं लांबवायचं.

तर कागद नव्यानं काढू. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. ब्राऊन पेपर नसेल तर वर्तमानपत्राची दोन पानं चिकटवून घ्या.

आसनाची खोली मोजायला टणक स्टुलावर ताठ बसा आणि कंबरेपासून स्टुलापर्यंत बाजूनं टेप सोडा. ह्यांचं 11 आलं, त्यात सैलपणासाठी 1 इंच घालून 12. पुढच्या तुकड्याची रुंदी सीटचा चौथा भाग अधिक अर्धा इंच, म्हणजे साडेदहा. मागच्याची चौथा भाग अधिक 1, म्हणजे 11. आता आसनाची टोकं, म्हणजे वळणाच्या तळाशी दोन पायांच्या मध्ये बाहेर येणारा भाग. पुढचं टोक सीटच्या सोळाव्या भागाएवढं बाहेर काढायचं, 40 ला अडीच इंच. मागचं टोक त्याच्या दुपटीपेक्षा थोडं कमी, साडेचार. माझ्या जुन्या कागदावर दोन्हीकडे 2 होतं!

मागच्या तुकड्याची मधली रेघ सरळ उभी ठेवू नका. वरच्या टोकाशी ती 1 इंच बाजूच्या शिवणीकडे कलू द्या आणि तेवढंच कापड बाजूला वाढवून द्या. मग मधोमध ती कंबरेच्या रेघेच्या वर दीड इंच चढवा आणि तिथून बाजूच्या शिवणीपर्यंत उतरती रेघ काढा. पुढे मध्यावर उलट अर्धा इंच खाली घेतलं तरी चालतं, पोट सुटलेलं असेल तर मात्र घेऊ नका. वळण काढताना पुढचं बऱ्यापैकी खोल, मागचं मात्र खाली पसरट, पळी आडवी ठेवल्यासारखं. मागच्या तुकड्याची पायाची आतली रेघ पुढच्यापेक्षा तिरकी असल्यामुळे ती थोडी लांब होते. म्हणून मागचं टोक अर्धा इंच खाली उतरवा, दोन्ही रेघा जुळतील. नाहीतर शिवताना एक बाजू उरते आणि आपण ती ओढून-ताणून बसवतो.

आता कात्री हातात घेण्याआधी टेप उभी धरून दोन्ही वळणं मोजा. माझं पुढचं पावणेतेरा, मागचं सव्वासोळा, एकूण 29. अंगावरचं माप 28. एवढा सैलपणा पुरतो, आणि नेफा इलॅस्टिकचा असल्यामुळे आणखी थोडं सावरलं जातं. बेरीज अंगाच्या मापापेक्षा कमी भरली तर कापू नका, मागचं टोक आणखी अर्धा इंच वाढवा.

मग सगळीकडे अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीच्या बाहेरचं जास्तीचं कापड, सोडा. मागच्या मधल्या शिवणीला वरच्या बाजूला मी 1 इंच सोडते. मास्तर फुल पँटीत मागे जास्तीची माया ठेवतात ती उगीच नाही. आंब्याच्या दिवसांत पोट वाढतं.

कापडाबद्दल थोडं. 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर 40 सीटला सव्वा मीटर लागतं. दुकानात उभं राहून 1 मीटरमध्ये बसवू असा हिशेब मी अनेकदा केला आहे, आणि मग जागा कमी पडली की कात्री नेमकी आसनाच्या टोकावरूनच फिरते. पन्नास-साठ रुपये वाचवायला पँट घालवायची. इचलकरंजीच्या मागांवरचं साधं सुती पॉपलीन या कामाला उत्तम. मलमल मऊ असते, पण बसण्याच्या जागी शिवणीलगत विरते. टेरीकॉट टिकतं, पण घाम शोषत नाही, ते पावसाळ्यासाठी ठेवा. मांजरपाट दोन-तीन धुण्यांनंतर झकास होतो. आधी मात्र खरखरीत लागतो.

आणि कापड आधी भिजवाच. रात्रभर साध्या पाण्यात ठेवून, न पिळता सावलीत वाळवून, इस्त्री करून मग कापायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 आटू शकतं. 16 इंचांच्या मागच्या आसनात शेकडा 4 म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त गेलं. पहिल्यांदा घातलेली पँट छान बसते आणि धुतल्यावर उसवते, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

आता शिलाई. क्रम बदलला तरी निम्मं काम होतं. पुष्कळ जण आधी पुढचं आसन जोडतात, मग मागचं, आणि शेवटी पायाची आतली शिवण एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सलग मारतात. त्यात सगळ्यात जास्त ताण झेलणारी आसनाची शिवण मधोमध तुटक राहते. त्याऐवजी प्रत्येक पाय आधी स्वतंत्र शिवा, बाहेरची शिवण आणि आतली शिवण दोन्ही. दोन नळ्या तयार होतील. एक नळी सुलटी करून उलट्या नळीच्या आत घाला, म्हणजे सुलट बाजू सुलट बाजूला लागेल. आतल्या शिवणी एकमेकींवर टेकवून टाचणी लावा आणि पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत आसनाची शिवण एका दमात, सलग मारा.

वळणाच्या भागात कापड तिरकं येतं, म्हणजे ताणलं की वाढतं. कापड वाढतं आणि टीप वाढत नाही, म्हणून दोरा तुटतो. इलाज असा की टाका बारीक ठेवायचा, इंचाला साधारण 12, आणि शिवताना वळणावर कापड दोन्ही हातांनी अगदी किंचित ताणून धरायचं. किंचित. जास्त ओढलं तर सुई वाकते. मग त्याच टिपेच्या आत, मायेच्या बाजूला, सुताएवढ्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढ्या अंतरावर दुसरी टीप. वळणाच्या तळाशी माया दुसऱ्या टिपेलगत कापून निम्मी करा आणि काठ ओव्हरलॉक करून घ्या. ओव्हरलॉक नसेल तर झिगझॅग, तेही नसेल तर हातानं काठ गुंडाळून टाके घाला. मायेला तिथे इस्त्रीनं फाकवू नका, तिला उभीच राहू द्या.

दोऱ्याची परीक्षा सोपी आहे. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर ते रीळ कच्च्या टिपेसाठी ठेवा. माझ्या डब्यात आईच्या वेळची सुती रिळं होती, रंग इतके सुरेख की टाकवत नव्हती. वर्षानुवर्षं पडून त्यांचा दम गेलेला. आता आसनाला पॉलिस्टरचाच दोरा. सुई पॉपलीनला 14 नंबर, जाड ड्रिलला 16. टाके मध्येच सुटत असतील तर मशीनला दोष देण्याआधी सुई बदला.

ज्या पँटी आधीच शिवून झाल्यात, त्यांचं काय? त्या टाकायच्या नाहीत, त्यांना मियानी घालायची. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी मधल्या जोडापासून 3-3 इंच उसवा. आसनाची शिवण तशीच ठेवा, फक्त जोडाच्या पुढे-मागे अर्धा-अर्धा इंच सोडवा, म्हणजे माया वळवता येईल. कागदावर एक साडेपाच इंचांची आडवी रेघ आणि तिला मधोमध छेदणारी 2 इंचांची उभी रेघ काढा. टोकं जोडली की चपटी चौकट तयार होते, तिची प्रत्येक बाजू 3 इंचांच्या जवळपास भरते. अर्धा इंच माया घालून कापा. लांब टोकं पायांच्या शिवणीत जातात, आखूड टोकं पुढच्या आणि मागच्या आसनाला लागतात. एकेक बाजू वेगळी शिवायची, प्रत्येक टोकाशी सुई कापडात ठेवून थांबायचं, मशीनचा पाय उचलून कापड वळवायचं. यानं आसनाला 2 इंच मिळतात आणि मांडीलाही जागा होते. 40 सीटच्या माझ्या सगळ्या जुन्या पँटी यावर निभावल्या. त्याच रंगाचं कापड उरलं नसेल तर खिशाच्या आतलं काढा आणि खिशाला दुसरं काहीतरी लावा, ते कुणाला दिसत नाही.

मियानी घालूनही मांडीला घासतंय अशी तक्रार आली, तर पायाचा घेर बघा. उभ्यानं मोजलेली मांडी बसल्यावर पसरते. म्हणून मांडी बसून मोजायची आणि वर किमान 3 इंच सैल ठेवायचं. घेर कमी असला की कापड वर सरकतं, आतल्या बाजूला गोळा होतं आणि घामानं काचतं. आतली शिवण 5 इंचांपेक्षा आखूड ठेवू नका. काही जणांना ओव्हरलॉकचा खरखरीत दोराच बोचतो. त्यांच्यासाठी मी आतली शिवण जीन्ससारखी दुमडून चपटी मारते. वेळ जातो, पण सासऱ्यांची घामोळी त्यानं थांबली.

एक पाय पिळवटून पुढे येत असेल तर त्याला शिवून झाल्यावर उपाय नाही. तो तुकडा उभ्या धाग्यात कापला गेलेला नाही. पुढच्या वेळी दुकानातून आणलेल्या कापडाचं टोक आडवं फाडून सरळ करा आणि कागदावरची उभी रेघ किनारीपासून वर-खाली सारख्याच अंतरावर आहे का, ते टेपनं बघा.

नेफा. इलॅस्टिक आत गुंडाळलं जातं कारण नेफा त्याच्यापेक्षा फार रुंद असतो. 1 इंचाच्या इलॅस्टिकला सव्वा इंचाचा नेफा पुरे. लांबी कंबरेपेक्षा 3 इंच कमी घ्या, जोडायच्या आधी पिनेनं अडकवून जेवायला बसून बघा, आणि मगच टोकं शिवा. दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून नेफ्यावर एकेक उभी टीप मारली की ते आत फिरत नाही. काचत असेल तर इलॅस्टिक फक्त मागच्या अर्ध्या भागात ठेवा आणि पुढे सुती नाडी. नाडीची टोकं इलॅस्टिकला शिवून टाका, नाहीतर धुताना ती आत जाते आणि मग सेफ्टी पिन घेऊन अर्धा तास तिच्या मागे.

नवा कागद वापरायचा असेल तर पहिली पँट मांजरपाटाची, कच्च्या टिपेनं शिवून बघा आणि नाडीची परीक्षा पुन्हा घ्या. माझ्या नव्या कागदावर अंतर पाऊण इंच आलं. मुलाच्या एका निळ्या पँटीला मात्र पिवळी मियानी आहे, कारण निळं उरलं नव्हतं. ती तो फक्त घरात घालतो, आणि दार वाजलं की आधी आत पळतो.